ब्राउझर कुणाचा मुखत्यार? एका साध्या निवडीचा इतिहास



गेल्या व्याख्यानानंतर व्यासपीठावर एक चिठ्ठी आली होती. 'सर, इतिहास आणि तत्त्वज्ञान ठीक आहे, पण माझी खासगी माहिती सुरक्षित राहावी म्हणून कोणता ब्राउझर वापरू, ते सांगा.' चिठ्ठी वाचून आम्ही आधी हसलो. चाळीस वर्षे काण्ट शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! घरी गेल्यावर मात्र लक्षात आले, की प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीचे उत्तर. नाव शेवटी सांगू. आधी इतिहास बघू, कारण नुसते नाव सांगितले तर ते दोन वर्षांत शिळे होईल. निवडायचे कसे हे कळले तर ते टिकेल.

सुरुवात आमच्याच घरातून करतो. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला थोडा कंप जाणवू लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची शंका आहे, तपासण्या करून घेऊ. आम्ही घरी काही बोललो नाही. सौ.च्या डोळ्याचे ऑपरेशन ठरलेले होते. ते एकदा होऊन जाऊ दे, मग सांगू, असे मनाशी ठरवले. पण मन कुठे स्वस्थ बसते? रात्री सगळे झोपल्यावर घरच्या संगणकावर कंपवाताविषयी सात-आठ पाने वाचून काढली. चौथ्या दिवशी सूनबाई त्याच संगणकावर अनारशांची कृती शोधत होत्या. पानाच्या कडेला जाहिरात आली, कंपवाताच्या उपचारांची. थोडे खाली गेल्यावर पुन्हा तीच. सूनबाई हुशार. अनारसे राहिले बाजूला. त्यांनी हळूच विचारले, 'बाबा, तुम्हाला काही होतंय का?' आणि नेमक्या त्याच क्षणी सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

निदान पुढे वेगळे निघाले, कंपवात नव्हता. हात अजून हलतो. तेव्हा हातातला कागद थरथरला तर वक्ता भावनेने ओथंबला आहे असे समजू नका. (हशा) पण एक गोष्ट गेली ती गेलीच. बातमी केव्हा सांगायची ती वेळ आम्ही निवडली होती, आणि ती आमच्या हातून काढून घेतली गेली. आता यातली गंमत बघा. घरात चोर शिरला नव्हता. संगणकात विषाणू नव्हता. पासवर्ड कुणी फोडला नव्हता. सगळी यंत्रणा जशी चालावी म्हणून बांधली आहे, तशीच चालली होती.

इथे दोन शब्द वेगळे करून ठेवू. सुरक्षा म्हणजे परक्याला आत येऊ न देणे. खासगीपण म्हणजे ज्याला आपण स्वतः दार उघडले, त्याने घरातले बाहेर न नेणे. त्याच्याही खाली एक गोष्ट आहे : काय सांगायचे, कुणाला सांगायचे आणि केव्हा सांगायचे, हे ठरवण्याचा आपला हक्क. 'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' असे लोक म्हणतात. आमच्याकडेही नव्हते. आम्ही सांगणारच होतो. फक्त त्या दिवशी नाही. ब्राउझरच्या इतिहासात सुरक्षा आणि खासगीपण या दोन गोष्टी बरोबरीने चाललेल्या नाहीत. एक पुढे गेली तेव्हा दुसरी बरेचदा मागे पडली.

आता एक तांत्रिक शब्द सांगतो, आजचा सगळा विषय त्यात आहे. इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांत ब्राउझरला 'यूजर एजंट' म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याचा मुखत्यार. गावाकडची जमीन विकायची आहे, आपल्याला जाता येत नाही, तर आपण पुतण्याला मुखत्यारपत्र लिहून देतो. तो आपल्या वतीने बोलतो, सही करतो, कागद आणतो. ब्राउझर हेच करतो. संकेतस्थळाकडे आपण जात नाही, तो जातो. आपल्या वतीने काय सांगायचे, काय घ्यायचे, कुणावर विश्वास ठेवायचा, हे तो ठरवतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की हा पुतण्या नेमका कुणाचा माणूस आहे?

१९८९च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी माहितीची पाने एकमेकांना जोडण्याचा प्रस्ताव मांडला. १९९०च्या अखेरीस त्यांचा पहिला ब्राउझर चालू झाला. त्यात पान वाचताही येई आणि लिहिताही येई. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझॅक' हा ब्राउझर काढला. मजकुरातच चित्रे दिसू लागली आणि सामान्य माणूस वेबकडे वळला. अँड्रीसन पुढे नेटस्केप कंपनीत गेले आणि १९९४च्या डिसेंबरात 'नेटस्केप नॅव्हिगेटर' बाजारात आला.

या मूळ व्यवस्थेचा एक स्वभाव होता : विसराळूपणा. तुम्ही एक पान मागितले, समोरच्या सर्व्हरने दिले, संपले. दुसरे पान मागितलेत तर मघाचे तुम्हीच ते, हे त्याला आठवत नसे. वाचनालयासाठी हे उत्तम आहे. दुकानासाठी नाही. टोपलीत एक वस्तू टाकून दुसरी घ्यायला गेलात, की दुकानदार विचारणार, 'आपण कोण?' हा पेच सोडवायला नेटस्केपमधल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने १९९४मध्ये एक युक्ती काढली. तिचे नाव कुकी.

कुकी म्हणजे काय? देवळाबाहेरचा चप्पलस्टँड आठवा. चपला ठेवल्या की तो एक बिल्ला देतो. परत आल्यावर बिल्ला दाखवायचा, चपला घ्यायच्या. बिल्ल्यावर आपले नाव नसते, फक्त आकडा असतो. कुकी हा असाच बिल्ला, संकेतस्थळाने दिलेला आणि आपल्या मुखत्याराने खिशात ठेवलेला. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकावा, असा याहून सोपा मार्ग होता. तो माँटुलीने टाळला, कारण मग तोच क्रमांक सगळीकडे दिसेल आणि माणसाचा माग काढता येईल. प्रत्येक ठिकाणचा बिल्ला वेगळा आणि तो त्याच ठिकाणी दाखवायचा, ही त्याची अट होती. म्हणजे खासगीपणाचा विचार पहिल्या दिवशीच झाला होता, हे ध्यानात ठेवा.

मग बिघडले कुठे? वेबचे एक पान एकाच ठिकाणाहून येईलच असे नाही. मजकूर वृत्तपत्राचा, पण कोपऱ्यातले चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते. चित्र आणायला आपला मुखत्यार तिथे जातो, आणि ती कंपनीही त्याला आपला बिल्ला देते. आता कल्पना करा, देवळाबाहेर, किराणा दुकानाबाहेर, दवाखान्याबाहेर आणि वाचनालयाबाहेर एकाच माणसाचा चप्पलस्टँड आहे. प्रत्येक ठिकाणी तुम्ही मुकाट्याने तोच बिल्ला दाखवता. नाव त्याला ठाऊक नसेलही. पण मंगळवारी दवाखाना, बुधवारी औषधाचे दुकान, हे त्याला कळते. हीच ती त्रयस्थ कुकी. कंपवाताचे पान आणि अनारशांचे पान यांच्यातला दुवा आमच्या घरात असाच जुळला असणार.

हा धोका तज्ज्ञांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी १९९७मध्ये कुकीचा पहिला औपचारिक नियम प्रसिद्ध झाला. लेखक दोन, बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली. त्यात म्हटले होते, की अशा त्रयस्थांचे बिल्ले ब्राउझरने आपण होऊन घेऊ नयेत. वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिली तरच घ्यावेत. नियम छापला गेला, पण नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही बड्या कंपन्यांनी आपल्या ब्राउझरात तो पाळला नाही. मुखत्याराने धनी आणि परका यांतून परक्याची सोय बघितली, असे लेखी नोंदीवर असलेले हे पहिले मोठे उदाहरण.

असे का झाले? आमचे मत असे, की याचे उत्तर पगारात आहे. नेटस्केप सुरुवातीला ब्राउझर विकत असे. १९९५च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला, आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट मिळू लागला. जानेवारी १९९८मध्ये नेटस्केपलाही आपला ब्राउझर फुकट करावा लागला. आपल्याला आनंद झाला. पण पुतण्याचा पगार आपण द्यायचे थांबलो, म्हणजे तो बिनपगारी राबायला लागला असे नाही. दुसरे कुणीतरी देऊ लागले.

आता दुसरा धागा, सुरक्षेचा. साधे वेबपान म्हणजे पोस्टकार्ड. वाटेतला प्रत्येक पोस्टमन वाचू शकतो. नेटस्केपने सीलबंद लखोट्याची सोय आणली. पण अमेरिकी कायद्यानुसार मजबूत सांकेतिक तंत्र ही युद्धसामग्री होती, ती देशाबाहेर पाठवायला बंदी. म्हणून अमेरिकेत १२८ बिटांची किल्ली आणि बाकी जगाला ४० बिटांची. ४० बिट म्हणजे साधारण एक लाख कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण यंत्राला नाही. ऑगस्ट १९९५मध्ये फ्रान्समधल्या डॅमियन डोलिजेझ या संशोधकाने अनेक संगणक जोडून असे एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवले. आणि त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे आपल्या हाती इंटरनेट आले तेव्हा परदेशी माणसाच्या वाट्याला येणारे कुलूप मुद्दाम कच्चे ठेवलेले होते. ते निर्बंध पुष्कळसे सैल व्हायला २००० साल उजाडले.

सप्टेंबर १९९५मध्ये आणखी एक प्रकार झाला. बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी दाखवले, की नेटस्केपची किल्ली बनते ती घड्याळातली वेळ आणि संगणकातले एक-दोन चालू क्रमांक यांवरून, म्हणून तिचा अंदाज लावता येतो. कुलूप भक्कम, पण किल्ली पायपुसण्याखाली. तेव्हा कुलपाचे चित्र दिसले म्हणजे सुरक्षित, असे समजू नये. आतली रचना कुणीतरी तटस्थपणे तपासायला हवी.

२००१मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली. स्पर्धा संपली होती, दहातले नऊ लोक तोच वापरत होते. मग पुढची आवृत्ती यायला पाच वर्षे लागली! या काळात त्यातल्या छिद्रांतून इतके काही आत शिरले, की जून २००४मध्ये अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा पथकाने एका हल्ल्यावरच्या उपायांत 'दुसरा ब्राउझर वापरा' हाही उपाय सांगितला. सरकारी भाषेत याहून कडक बोलणे अवघड. दुसरा ब्राउझर तयार होतच होता. नेटस्केपने १९९८मध्ये आपला मूळ संकेत जगाला खुला केला होता. त्यातून मोझिला प्रकल्प आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. त्या डिसेंबरात न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानी जाहिरात आली. पैसे वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून जमवले होते आणि जाहिरातीत त्या हजारो वर्गणीदारांची नावे होती. मुखत्याराचा पगार धन्यांनी मिळून दिला असे क्षण या इतिहासात थोडे आहेत, म्हणून सांगितले.

२ सप्टेंबर २००८ रोजी गूगलचा क्रोम आला. इथे आम्हाला न्यायाने बोलले पाहिजे. सुरक्षेच्या बाजूने क्रोम हे फार मोठे पाऊल होते. जुने ब्राउझर म्हणजे एक मोठे दालन. एका कोपऱ्यात आग लागली की सगळे पेटायचे. क्रोमने वाड्यासारख्या वेगळ्या खोल्या केल्या. प्रत्येक टॅब वेगळी, तिला संगणकात हवे तिथे हात घालायची परवानगी नाही. दुरुस्त्याही तो आपणहून, न विचारता करून घेई. पुढे बाकीच्यांनी हीच वाट धरली. पण शेजारी दुसरी तारीख ठेवा. जाहिरातींचे बिल्ले वाटणाऱ्यांतली सगळ्यांत मोठी कंपनी डबलक्लिक. ती ३१० कोटी डॉलरना विकत घेत असल्याचे गूगलने एप्रिल २००७मध्ये जाहीर केले आणि व्यवहार मार्च २००८मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर सहा महिन्यांत क्रोम आला. चप्पलस्टँडवाल्यानेच आपल्याला एक उत्तम, चपळ आणि चोरांपासून जपणारा मुखत्यार फुकट दिला. चोरांपासून जपणारा, हे अगदी खरे आहे. प्रश्न चोरांचा नव्हताच.

चोरांपासून जपणे काय असते याचेही एक उदाहरण देतो, कारण ते जिवाशी आले होते. लखोट्यावरचा शिक्का खरा की खोटा हे ब्राउझर कसे ओळखतो? जगात दाखले देणाऱ्या काही संस्था आहेत, नोटरीसारख्या. कोणत्या नोटरींवर विश्वास ठेवायचा याची यादी मुखत्याराजवळ असते. २०११मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली आणि गूगलच्या नावाचा बनावट दाखला तयार झाला. तो वापरून इराणमधल्या सुमारे तीन लाख लोकांच्या टपालावर नजर ठेवता आली, असे तपासात दिसले. हे उघडकीला आले ते इराणमधल्या एका क्रोम वापरणाऱ्याला इशारा दिसला म्हणून. गूगलचे खरे दाखले कोणते हे क्रोमला पाठ होते. ती डच संस्था महिनाभरात दिवाळखोर झाली. आपल्याकडेही जुलै २०१४मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या दाखला-यंत्रणेतून गूगलच्या नावाचे अनधिकृत दाखले निघाल्याचे उघड झाले. विंडोजच्या यादीत भारतीय नोटरी होता, म्हणून तिथे धोका होता. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो आणि तीत तो नव्हता, म्हणून फायरफॉक्स त्यातून सुटला. म्हणजे एकच मुखत्यार सगळ्या जगाने ठेवणे धोक्याचे. चार वेगळे असले, तर एकाची चूक दुसरा पकडतो.

आता गेल्या पंधरा वर्षांतले तीन प्रसंग भराभर सांगतो. धन्याचे हित आणि पगार देणाऱ्याचे हित यांची टक्कर झाली तेव्हा कोण कसे वागले, ते यात दिसते.

पहिला. ॲपलचा सफारी २००३पासूनच त्रयस्थांचे बिल्ले सहसा नाकारत असे. जाहिरातींसाठी गूगलने त्यातून पळवाट काढली. ते उघड झाल्यावर २०१२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत गूगलला २ कोटी २५ लाख डॉलर दंड भरावा लागला.

दुसरा, 'इनकॉग्निटो'. हा शब्द ऐकून वाटते, आपण बुरखा घेतला. खरे तर या खिडकीत होते एवढेच, की गेलेल्या ठिकाणांची नोंद आणि बिल्ले आपल्या यंत्रावर मागे राहत नाहीत. म्हणजे सूनबाईंपासून संरक्षण, जगापासून नव्हे! (हशा) या गैरसमजावरून अमेरिकेत २०२०मध्ये खटला झाला, आणि २०२४च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

तिसरा, सगळ्यांत बोलका. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९मध्ये माग काढणारे ओळखीचे त्रयस्थ मुळातच अडवायला सुरुवात केली. सफारीने मार्च २०२०मध्ये त्रयस्थ कुकी पूर्ण बंद केल्या. क्रोमनेही जानेवारी २०२०मध्ये जाहीर केले, की दोन वर्षांत त्या बंद करू. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली. जुलै २०२४मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५मध्ये सांगितले, की आहे तसेच राहील. यात गूगलची बाजूही आहे. बाकीच्यांचे बिल्ले बंद झाले तर गूगलचेच वर्चस्व वाढेल, अशी काळजी ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला होती. ती निराधार नव्हती. पण निकाल काय लागला? १९९७मध्ये कागदावर लिहिलेला नियम २८ वर्षांनीही जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरात मूळ मांडणी म्हणून आलेला नाही.

मग बाकीचे सगळे धुतल्या तांदळासारखे का? नाही हो. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग अनेक वर्षे गूगलकडूनच येतो, शोधयंत्र म्हणून गूगल ठेवण्याबद्दल. सफारीत तीच जागा मिळावी म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २००० कोटी डॉलर दिल्याचे अमेरिकी न्यायालयाच्या कागदपत्रांतून बाहेर आले. खासगीपणाचे नाव घेऊन निघालेला ब्रेव्ह २०२०मध्ये काही पत्त्यांना आपला दलालीचा संकेत आपोआप जोडताना सापडला. त्यांनी चूक कबूल करून ते थांबवले. टॉरचे मूळ तंत्र तर १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत जन्मले. निष्कलंक मुखत्यार मिळत नाही. म्हणून मुखत्यार नेमूच नये असे नाही. हिशेब मागत राहावे.

आणि बिल्ले सगळे फेकून दिले तरी एक गोष्ट उरते. चालण्यावरून आपण माणूस लांबून ओळखतो, तसा ब्राउझरही ओळखता येतो : पडद्याचा आकार, आवृत्ती, संगणकात बसवलेल्या टंकांची यादी. २०१०मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. यात आपल्यासाठी एक कडू विनोद आहे. ज्याने मराठी लिहिण्यासाठी चार वेगळे टंक बसवले, तो अमेरिकेतल्या गर्दीत अधिकच उठून दिसणार. मातृभाषेचे प्रेम हीच ओळखखूण! टॉर ब्राउझर हे ताडून सगळ्या वापरणाऱ्यांना शक्य तितके एकसारखे दिसवतो. वारीत सगळे पांढऱ्या कपड्यांत असले, की एकाला वेगळा काढणे कठीण, तसे.

कायदा काय करतो? १८९०मध्ये वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला, तो झटपट छायाचित्रे आणि चहाटळ वृत्तपत्रे यांना वैतागून. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. अर्जदार निवृत्त न्यायमूर्ती होते, नव्वदी ओलांडलेले. आमच्या वयाच्या लोकांनी याची नोंद घ्यावी. २०२३मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायद्याचा मोठा भर संमतीवर असतो. 'मान्य आहे' हे बटण दिवसातून दहा वेळा न वाचता आपण दाबतो. दाबायला समोर काय आणायचे आणि काय आधीच नाकारायचे, हे मुखत्यार ठरवतो. म्हणून न्यायालयाने हक्क दिला, तरी तो रोज बजावायचा ब्राउझरमध्ये आहे.

आता चिठ्ठीचे उत्तर. ब्राउझर निवडताना तीन प्रश्न विचारा. याचा पगार कोण देतो? टक्कर झाली तेव्हा हा कुणाच्या बाजूने उभा राहिला? आणि आपण काहीच बदलले नाही तर हा मूळ मांडणीत कसा वागतो? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण शंभरातले बहुतेक लोक मूळ मांडणी कधी बदलत नाहीत. आम्हीही साठ वर्षांचे होईपर्यंत बदलली नव्हती.

आम्ही स्वतः रोजच्या वाचनाला फायरफॉक्स वापरतो, माग काढणाऱ्यांना अडवण्याची पातळी कडक ठेवून. त्याने कधी एखादे पान बिघडते, तेवढे सोसतो. ज्यांच्याकडे ॲपलची यंत्रे आहेत त्यांना सफारी पुरेसा आहे. बँकेसाठी वेगळा ब्राउझर ठेवला आहे. तो क्रोम आहे, हे लपवत नाही. त्यात बँकेखेरीज दुसरे काही उघडत नाही, आणि त्याच्या खोल्यांच्या भिंती जाड आहेत हे मघाशी सांगितलेच. टॉर रोजच्या वापराचा नाही. पण एखाद्या पत्रकाराला, किंवा घरच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या बाईला मदत शोधायची असेल, तर तो आहे हे ठाऊक असू द्या. कोणताही असो, दुरुस्त्या आल्या की त्याच दिवशी घ्या. जुना झालेला चांगला ब्राउझर हा वाईटच ब्राउझर. वर जोडायची उपकरणे एक-दोनच ठेवा. आणि घरचा संगणक सामाईक असेल तर प्रत्येकाचे खाते वेगळे करा. आमच्या घरी ते झाले. सौ. म्हणाल्या, 'संगणकात वेगळी खोली केलीत हे बरं झालं, पण डॉक्टरांकडे जाताना मला घेऊनच जायचं.' ते मान्य केले आहे. वाचून मान्य केले आहे.

शेवटी ती चिठ्ठी. तिच्यावर सही नव्हती. व्याख्यानमालेत ही जुनी चाल आहे. नाव न लिहिता प्रश्न पाठवता येतो, आणि संयोजक चिठ्ठी कुठल्या रांगेतून आली हे वक्त्याला सांगत नाहीत. त्यामुळे लाजणारा माणूसही विचारतो. ही सोय टिकवायला इथे एक विश्वासू संयोजक पुरतो. तिकडे त्या कामाला ब्राउझर आहे, म्हणून तो डोळे उघडे ठेवून नेमायचा.

वेळ झाली. पुढच्या चिठ्ठ्या पाठवा.